मेंदूच्या संशोधनासाठी बोलावणे आले तर

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत किंवा आरोग्य शिबिरात कधी कधी एक कागद पुढे येतो. मेंदूवर संशोधन चालू आहे, एमआरआय मोफत आहे, सहभागी व्हाल का? मोफत म्हटले की आपल्यातला कुणी न वाचता सही करतो, कुणी घाबरून घरची वाट धरतो. आम्हाला दोन्ही पटत नाही. तिथे काय चालते हे आधी माहीत असले, तर हो किंवा नाही आपल्या मनाने म्हणता येते.

साधा एमआरआय म्हणजे मेंदूचा फोटो. संशोधनात बहुधा 'फंक्शनल एमआरआय' करतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायू घेऊन आलेले रक्त जास्त जाते. प्राणवायू असलेले रक्त आणि तो संपलेले रक्त चुंबकाजवळ वेगवेगळे वागते. १९९० मध्ये सेइजी ओगावा या शास्त्रज्ञाने हा फरक वापरून दाखवला. म्हणजे यंत्र मनातले विचार वाचत नाही, ते रक्ताचा माग काढते. तोही उशिरा, कारण रक्ताची लाट भरात यायला पाच-सहा सेकंद लागतात. आणि फरक किती? बहुतेक वेळा शंभरात एक-दोन.

इतका बारीक फरक पकडायचा म्हणून सगळी मेहनत आखणीत असते. समजा, हाताची हालचाल मेंदू कुठून करतो ते पाहायचे आहे. तर ३० सेकंद बोटे हलवायची, ३० सेकंद थांबायचे, पुन्हा हलवायची, असे अनेकदा. वाचन तपासायचे असेल तर शब्दांबरोबर अर्थ नसलेली अक्षरेही दाखवतात. नाहीतर डोळ्यांचे काम कोणते आणि वाचनाचे कोणते, हे वेगळे काढता येत नाही. दर दोन सेकंदांना संपूर्ण मेंदूचे एक चित्र घेतले, तर अर्ध्या तासात नऊशे चित्रे होतात. त्यात डोके दोन-तीन मिलिमीटर हलले तरी काम बिघडते. म्हणून डोक्याभोवती स्पंज लावतात. खोकला असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. चहा कधी घेतला, रात्रपाळी करून आलात का, हे विचारतील, खरे सांगा. चहा-कॉफीने मेंदूतला रक्तप्रवाह कमी होतो आणि जागरण झालेला माणूस आत चक्क झोपतो.

ध्यानाने मेंदू बदलतो, अशा बातम्या आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड डेव्हिडसन यांनी तिबेटी भिक्खूंच्या मेंदूचा अभ्यास केला, हे खरेच आहे. पण ऐकले म्हणून मानू नये, तपासून घ्यावे, ही शिकवण विहारात ऐकणाऱ्यांनी इथेही तपासावे. ध्यानात श्वास संथ होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो आणि तेवढ्यानेही मेंदूतला रक्तप्रवाह बदलतो. म्हणून चांगल्या अभ्यासात छातीला पट्टा बांधून श्वासही मोजतात. हिशोबातही फसगत होते. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. ढिला हिशोब केल्यावर मेलेल्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसली! हजारो ठिपके एकेकटे तपासले की काही निव्वळ योगायोगाने उजळतात. नीट हिशोब केल्यावर ते ठिपके गेले.

आता जिवाची गोष्ट. या यंत्रात क्ष-किरण नसतात, पण चुंबक मोठा असतो. ३ टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे साठ हजार पट जोरकस असतो आणि तो सतत चालू असतो, तपासणी नसतानाही. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला तरुण यंत्राकडे ओढला जाऊन मरण पावला. तो रुग्ण नव्हता, नातेवाइकासोबत आला होता. म्हणून सोबत्यांनीही दाराबाहेर थांबावे. जोडवी, पैंजण, पिना, तंबाखूची डबी, मोबाइल, सगळे बाहेर. पेसमेकर, शरीरात बसवलेली पट्टी किंवा क्लिप, तांबी, गोंदण, गरोदरपण, काहीही लपवू नका. वेल्डिंग, ग्राइंडर किंवा लेथवर काम केलेल्यांनी तर आधीच सांगावे. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तो आत सरकून डोळा जाऊ शकतो. अशा वेळी आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात. आत आवाज फार होतो, कानात बोळे मागून घ्या. हातात रबरी फुगा देतात. घाबरलात तर दाबा, लगेच बाहेर काढतात.

सहभागी होऊच नका, असे आमचे म्हणणे नाही. मेंदूविषयीचे बरेचसे ज्ञान अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांजवळच्या लोकांवरून आले आहे. रात्रपाळीवाले, घरात एक आणि कामावर दुसरी भाषा बोलणारे आपले लोक त्यात कमीच. पण जायचे ते अटी समजून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अभ्यासाला नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि माहिती तुम्हाला कळणाऱ्या भाषेत द्यावी लागते. आजीला वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. मधेच नाही म्हणता येते, त्यामुळे चालू उपचार तोडता येत नाहीत. प्रवासखर्च आणि बुडालेली रोजी मागायला लाजू नका, ती भीक नव्हे. फॉर्मवर जात विचारली असेल तर कशासाठी, हेही विचारा.

आणखी एक. हा स्कॅन तुमच्या आजारासाठी नसतो, त्यामुळे 'काही नाही निघाले' याचा अर्थ मेंदू निरोगी आहे असा होत नाही. उलट अचानक गाठ दिसली तर कोण सांगणार, पुढे कुठे पाठवणार, खर्च कोणाचा, हे सहीच्या आधी विचारून घ्या. सही केलेल्या कागदाची एक प्रत घरी आणा. त्यावर संशोधकाचा आणि नीतिसमितीचा, दोघांचेही फोन नंबर आहेत ना, तिथेच पाहून घ्या.