घासलेटाचा वास

ओहोटी लागली की ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीत कंबरभर पाण्यात उतरून पाग फेकणारा माणूस अजूनही दिसतो. मागे रसायनांचे कारखाने जाऊन उभे राहिलेले टॉवर, समोर भिवंडी तालुक्यातली काल्हेरची बाजू, आणि मधल्या गढूळ पाण्यावर हवेत गोल उघडून पडणारं जाळं. शिशाच्या गोळ्या बुडाल्याचा सर्र आवाज होतो, दोरी सावकाश गोळा होते. चार बोईटी, एखादी चिंबोरी, कोळंबीची चिमूट आणि हमखास एक प्लास्टिकची पिशवी, एवढा त्या खेपेचा हिशेब. हे सगळं नेहमीचंच. नजर अडकते ती एका बारीक हालचालीवर. टोपलीत टाकण्याआधी तो मासा नाकाजवळ नेतो, क्षणभरच. मासा ताजा आहे हे त्याला ठाऊक आहे, तो आत्ताच जिवंत वर आला आहे. तो शोधतो आहे घासलेटाचा वास. समुद्रातल्या तेलगळतीबद्दल मच्छीमारांना वाटणारी चिंता समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करायला हवी, कारण आपल्याकडे या गळतीचा हिशेब नेहमी टनांत मांडला जातो आणि या माणसाचं नुकसान टनांत मावत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर गेल्या काही दशकांत सगळ्यात जास्त वेळा उच्चारला गेलेला आकडा 800 टनांचा आहे. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी न्हावाशेव्याहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारं ‘खलिजिया-3’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती, आणि सुमारे 800 टन तेल सांडलं. जहाजाच्या टाक्यांत सुमारे 2,600 टन होतं, तेव्हा 800 वर निभावलं असं समाधान मानायलाही जागा होती. उरण, एलिफंटा, अलिबागकडच्या किनाऱ्यावर आणि खारफुटीत काळा चिकटा चढला. पण 800 टन हा आकडा तारखेपासून तोडून वाचला तर त्यातलं निम्मंही कळत नाही. त्या वर्षी नारळी पौर्णिमा 24 ऑगस्टला होती. पावसाळ्याची बंदी उठण्याच्या तोंडावर, जाळी विणून झालेली, इंजिनं उघडून साफ केलेली, बर्फ आणि डिझेलची उधारी डोक्यावर, अशा वेळी हे तेल आलं. पुढच्याच वर्षी 4 ऑगस्टला ‘रॅक कॅरिअर’ हे 60,000 टन कोळसा भरलेलं जहाज मुंबईजवळ बुडालं आणि त्याच्याही टाक्यांतलं तेल पाझरू लागलं. पौर्णिमा होती 13 ऑगस्टला. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं तेल आलं ते नारळ वाहायच्या आधी. मे महिन्यात 800 टन सांडणं आणि ऑगस्टमध्ये 800 टन सांडणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे कुठल्याही कोळीवाड्यातलं पोर सांगेल; पंचनाम्याला त्यासाठी रकाना नसतो.

यावर पहिला आक्षेप असा, की तेल सांडलं ते बंदराच्या तोंडाशी. कोलशेत उल्हास नदीच्या खाडीत, इतकं आत. तिथल्या मच्छीमारांनी का घाबरावं? याला एक उत्तर भूगोलाचं आहे. ही खाडी वसईकडे समुद्राला मिळते आणि वर ठाण्याजवळ तिचं पाणी ठाणे खाडीशीही जोडलेलं आहे. भरती थेट कल्याणपर्यंत चढते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जे पाण्यावर तरंगतं ते सगळं आत येतं, आणि आत आलेलं ओहोटीला तितक्याच इमानाने बाहेर जात नाही. जहाजाचं जड इंधन तेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. ते चिखलात बसतं, आणि खाडीच्या चिखलात थोडं खाली गेलं की हवाच नसते, त्यामुळे ते कुजतही नाही. तिवरांची जी मुळं श्वासासाठी चिखलातून वर डोकं काढतात, त्यांच्यावर हा चिकटा बसला की झाड गुदमरतं. वाळूच्या किनाऱ्यावर फावड्याने तेल उचलता येतं. तिवरांत माणसं घातली तर तीच पायाखाली तेल आणखी खोल दाबतात. तेलगळतीच्या दृष्टीने किनाऱ्यांची 1 ते 10 अशी जी जागतिक प्रतवारी करतात, तीत लाटांनी आपोआप धुतला जाणारा उघडा खडक 1 वर आणि खारफुटी 10 वर असते, ती यामुळेच. लांब असणं आणि सुरक्षित असणं या दोन गोष्टी खाडीच्या बाबतीत जुळत नाहीत.

दुसरं उत्तर बाजाराचं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त वजनदार आहे. 2010 च्या त्या ऑगस्टमध्ये मुंबईत गिऱ्हाईक मासळीपासून लांब राहिलं. पापलेट कुठल्या बंदराचं आणि बोईट कुठल्या खाडीची, हा भेद ते करत नाही. ‘समुद्रात तेल सांडलं’ एवढी एक ओळ कानावर पडली की कोलशेतजवळच्या ढोकाळीच्या नाक्यावर बसलेल्या बाईची पाटीसुद्धा तशीच उरते, तिच्या मासळीला तेलाचा थेंब लागलेला असो वा नसो. आणि बर्फाचा खर्च परवडत नसेल तर उरलेली पाटी संध्याकाळी फेकायची असते. इथे कुणी म्हणेल की ही तर अफवा झाली. अफवेची भरपाई जहाजाने का द्यावी? प्रश्न रास्त आहे, पण त्यात गिऱ्हाइकाला मूर्ख धरलेलं आहे. तेलातली काही द्रव्यं अगदी अल्प प्रमाणात माशाच्या मांसात उतरतात आणि शिजवल्यावरही घासलेटासारखी लागतात, हे शास्त्राला मान्य आहे. पोहणारा मासा स्वच्छ पाण्यात गेल्यावर काही आठवड्यांत ती शरीराबाहेर टाकतो. पण कालवं, शिंपल्या पाणी गाळून जगणाऱ्या, त्यांच्यात ती साठून राहतात. तेव्हा तपासणी करून ‘मासे खायला हरकत नाही’ असं सांगणारा तज्ज्ञ खरं बोलत असतो, आणि नाक मुरडणारी गृहिणीही अगदीच चूक नसते. या दोन खऱ्यांच्या मध्ये जे चिरडतं ते पाटीवालीचं भांडवल. शिवाय ज्याच्या जाळ्याला तेल लागलं नाही पण धंदा बुडाला, त्याचं नुकसानही नुकसानच, हे आंतरराष्ट्रीय भरपाई निधीने कधीच स्वीकारलेलं आहे. गोम वेगळीच आहे. तो निधी तेलवाहू जहाजांसाठी आहे. चित्रा होतं कंटेनरचं, रॅक कॅरिअर कोळशाचं. दोन्ही वेळा सांडलं ते जहाजाच्या स्वतःच्या इंजिनाचं इंधन. चिखलाला आणि नाकाला यात काही फरक पडत नाही, कायद्याला पडतो.

रॅक कॅरिअरच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट 2016 मध्ये जहाज कंपन्यांना 100 कोटी आणि कोळशाच्या मालकाला 5 कोटी भरायला लावले. बुडाल्यापासून पाच वर्षांनी आलेला हा निकाल महत्त्वाचाच. पण ती भरपाई पर्यावरणाची होती, आणि पर्यावरण पाटी घेऊन नाक्यावर बसत नाही. केरळकडे पाहा. 25 मे 2025 रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा 3’ 640 कंटेनर घेऊन बुडालं (नावाआधी तीच तीन अक्षरं, हा निव्वळ योगायोग मानू). राज्याने न्यायालयात 9,531 कोटींचा दावा लावला. आणि बाधित जिल्ह्यांतल्या मच्छीमार कुटुंबाच्या हातात तातडीने पडलं ते हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ. ही मदत वेळेवर दिली म्हणून केरळचं कौतुकच करायला हवं. तरीही या दोन आकड्यांमधलं अंतर लपत नाही.

सगळ्यात दमदार आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो बहुधा शहरातली शहाणी माणसंच घेतात: ही खाडी आधीच मेलेली आहे, तिला आणखी काय मारणार? पुरावे त्यांच्याच बाजूने दिसतात. वर अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, डोंबिवलीचं औद्योगिक आणि घरगुती सांडपाणी उल्हास आणि वालधुनीतून खाली येतं. 2014 च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात वालधुनीमध्ये टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. ‘वनशक्ती’ या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर हरित लवादाने 2015 मध्ये या प्रदूषणासाठी महापालिकांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना दंड सुनावला. खाडीतही सगळे साधू नाहीत. रेती उपसणाऱ्या बार्ज आणि सक्शन पंप डिझेलवर चालतात, प्रशासन त्यांच्यावर धाडी घालतं आणि ते पुन्हा येतात. होडीच्या इंजिनातलं जळकं ऑइल बदलून सरळ पाण्यात ओतण्याची सवय मासेमारी करणाऱ्यांमध्येही आहे. तेव्हा कोलशेतच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसायला जहाज बुडावं लागत नाही. हे सगळं कबूल. पण मेलेल्या खाडीत कुणी पाग टाकत नाही. कोलशेतला आजही बोईट येते, चिखलात निवट्या उड्या मारतात, एखाद्या सुदैवी दिवशी जिताडा लागतो आणि त्याला टॉवरमधलं गिऱ्हाईक मागेल तो भाव देतं. आधीच अर्ध्यावर आलेल्या मिळकतीला बसणारा धक्का कमी मोलाचा नसतो. तो झेलायला मागे काही उरलेलं नसतं.

उलट या रोजच्या तवंगाने मच्छीमाराचा दावाच खिळखिळा होतो. उद्या समुद्रातलं तेल भरतीबरोबर आत आलं तर समोरचा वकील एवढंच विचारेल, हे आमचं कशावरून? प्रयोगशाळेत हे ठरवता येतं. प्रत्येक तेलाची रासायनिक ठेवण माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी वेगळी असते आणि नमुना जहाजाच्या टाकीशी जुळवून पाहता येतो. त्यासाठी त्या दिवशी, त्या ओहोटीला, कुणीतरी बाटलीत पाणी आणि चिखल भरून, तारीख घालून, सील करून ठेवलेला असावा लागतो. आणि गळतीच्या आधी इथे काय होतं त्याचाही नमुना हवा. तटरक्षक दल समुद्रावरचं तेल पाहतं, प्रदूषण मंडळ नदीचं पाणी तपासतं. मधला हा चिखल कुणाच्याच रोजच्या वहीत नीट येत नाही.

वहीत तर तो पाग फेकणारा माणूसही येत नाही. मासेमारीच्या सरकारी हिशेबाला नाव लागते: नौकेचा नोंदणी क्रमांक, परवाना, डिझेल परताव्याची पावती, संस्थेचं सभासदत्व. कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्याकडे यातलं काही असण्याची गरज कधी पडली नाही, आणि निवट्या, चिंबोऱ्या वेचणाऱ्या बायकांकडे तर नाहीच. हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. दक्षिण कोरियात 2007 च्या डिसेंबरमध्ये ताएआनच्या किनाऱ्यावर ‘हेबेई स्पिरिट’मधून सुमारे 10,900 टन तेल सांडलं, तेव्हा ओहोटीला हाताने शिंपल्या वेचणाऱ्या हजारो लोकांचे दावे अडले ते याच कारणाने, किती वेचलं, कितीला विकलं, याचा कागद नव्हता. आता यावर ‘मग कुणीही उठून मच्छीमार म्हणून उभा राहील’ असं म्हटलं जातं. राहतीलही काही. पण मोजणी अशक्य आहे हे खरं नाही. उरण-पनवेलकडच्या पारंपरिक मच्छीमारांनी न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदराच्या विस्तारामुळे खारफुटी आणि भरतीच्या वाटा गेल्या म्हणून दाद मागितली, तेव्हा हरित लवादाने फेब्रुवारी 2015 मध्ये 1,630 कुटुंबं धरून 95 कोटी 19 लाखांची भरपाई ठरवली. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी ती वाटून द्यायची होती. कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. आकडा पुरेसा होता का, यावर वाद घालता येईल. मोजायचं एकक मात्र त्या निकालात टन नव्हतं, बर्थही नव्हतं. घर होतं.

कोलशेतला ही नोंद आत्ताच करायला हवी याचं एक व्यावहारिक कारण आहे. वसई-ठाणे-कल्याण हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53. त्याच्या पहिल्या टप्प्यात मीरा-भाईंदर, काल्हेर, डोंबिवली यांच्याबरोबर कोलशेतलाही जेट्टी आहे. रस्त्यावरची कोंडी पाहता जलवाहतुकीला विरोध करणं शहाणपणाचं नाही, आणि गावातल्या पोरांना त्यातून रोजगार मिळाला तर उत्तमच. पण बोटी आल्या की इंधन येणार, भरणं-सांडणं येणार, आणि ज्या तेलाची भीती आजवर समुद्राकडून होती ते धक्क्यालाच बांधलेलं असेल. जेट्टीची पहिली बोट सुटायच्या आत चिखलाचे नमुने घेऊन ठेवणं, पाग आणि हातावरची मासेमारी करणाऱ्यांची नावं, दिवस आणि अंदाजे पकड महिन्याला एकदा लिहून ठेवणं, याला कोट्यवधी लागत नाहीत. एक वही, एक कारकून आणि थंड कपाट लागतं.

तोवर तपासणीची सगळी यंत्रणा म्हणजे एक नाक. संध्याकाळी नाक्यावर पाटी लागते, बोईटींचे वाटे मांडले जातात, चिंबोऱ्यांचे नांगे सुतळीने बांधलेले असतात. गिऱ्हाईक वाकतं, कल्ला बोटाने उचलतं, लाल रंग पाहतं, आणि तरी उभं राहतं. “मावशी, वास नाही ना येत?” पाटीवाली मासा उचलून तिच्या तोंडासमोर धरते. “हुंगून बघ ना बाय, सकालचा मावरा हाय.” बाई हुंगते, थोडी थांबते, आणि शंभराचा वाटा साठला मागते.