जुना करार म्हणजे रद्द झालेला करार का?



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मेटापेलेत केरळची नाहीतर फिलिपाईन्सची, ख्रिस्ती असते. तिच्या बायबलात आपली तोरा, नबी, तेहिलिम सगळं 'जुना करार' या नावाखाली असतं. मग आजी मला विचारतात, "म्हणजे आपला करार मोडीत निघाला का गं?"

करार म्हणजे ब्रित. अब्राहामाशी सुंतेचा, सीनायवर तोराचा. 'नवा करार' हा शब्दही आपल्याच यिर्मया नबीचा, अध्याय 31 मधला. तिथे हा करार इस्राएल आणि यहूदाच्या घराण्याशीच होतो, आणि तोरा पुसली जात नाही, हृदयावर लिहिली जाते. ख्रिस्ती लोक मानतात, की तो येशूच्या मरणाने पुरा झाला.

मग जुन्याचं काय? यावर त्यांच्यातही एकमत नाही. इब्री लोकांस पत्र त्याला जीर्ण म्हणतं. पौल मात्र रोमकरांना लिहितो, की देव आपलं बोलावणं मागे घेत नाही. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुना करार टाकूनच द्या म्हटलं, तर रोमच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेने सांगितलं, यहुद्यांना देवाने टाकलेले म्हणू नका. 1980 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे जर्मनीत बोलले, की जुना करार देवाने कधीच रद्द केलेला नाही.

नर्सच्या नोकरीत बघितलंय, शब्द नीट कळला की निम्मी भीती जाते. तेव्हा मेटापेलेतशी वाद नको. आपली ब्रित शाबूत आहे. तेहिलिम तीही वाचते, तुम्हीही वाचा.