दम वयाचा की झडपेचा?

‘वय झालं, आता दम लागायचाच.’ गावोगावी, घरोघरी ऐकू येणारे हे वाक्य. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण काही वेळा त्याच वाक्याआड हृदयाचा एक गंभीर आजार वर्षभर लपून राहतो.

समजा, नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीवर बहात्तर वर्षांच्या आजी आहेत. गेल्या वर्षापर्यंत त्या गवताचा भारा डोक्यावर आणत होत्या. आता देवळापर्यंत जाताना दोनदा बसावे लागते. चालताना छातीवर दडपण येते. एकदा अंगणात डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या पडल्या. दमा समजून काही महिने औषधे झाली, गुण आला नाही. मग एका डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप लावला आणि त्यांना हृदयाच्या ठोक्याबरोबर खरखरीत आवाज ऐकू आला. पुढची पायरी होती ‘टू-डी इको’.

दोन आकडे, दोन निष्कर्ष

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते. त्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. निरोगी माणसात ती उघडली की साधारण ३ ते ४ चौरस सेंटीमीटर वाट मिळते. वयानुसार पाकळ्यांवर कॅल्शियम साचते, त्या ताठरतात आणि वाट अरुंद होते. वाट १ चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी, झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला सरासरी फरक ४० मिलिमीटर पारा किंवा जास्त आणि रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, असे आकडे आले की अरुंदपणा ‘तीव्र’ मानतात.

आजींच्या इकोमध्ये वाट ०.८ चौरस सेंटीमीटर निघाली, म्हणजे आजार तीव्र. पण दाबातला फरक फक्त २८. त्यावरून आजार मध्यम. आता काय मानायचे?

नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही अडचण पाटाच्या पाण्यावरून चटकन कळेल. भंडारदऱ्याचे किंवा मुळा धरणाचे आवर्तन पूर्ण जोरात असेल, तर चारीच्या अर्धवट उघडलेल्या दारातून पाणी उसळून बाहेर पडते. दार अडले आहे हे लांबूनही दिसते. पाटात पाणीच कमी असेल तर त्याच दारातून ते संथ वाहते आणि सारे ठीक आहे असे वाटते. हृदयाचेही तसेच आहे. हृदय दर ठोक्याला कमी रक्त फेकत असेल, तर झडप खूप अरुंद असूनही दाबातला फरक कमी भरतो. उलटेही घडते. जोर कमी म्हणून बऱ्यापैकी चांगली झडपही पुरती उघडत नाही आणि वाट अरुंद भासते. अशा वेळी वाहते पाणी मोजून उपयोग नाही. दार किती गंजले आहे, तेच पाहावे लागते.

कॅल्शियमची मोजणी

ते काम सीटी स्कॅन करतो. या तपासणीसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध द्यावे लागत नाही. रुग्णाने काही सेकंद श्वास रोखून धरायचा, तेवढ्यात यंत्र झडपेवरच्या कॅल्शियमचे चित्र घेते. त्यावरून ‘अ‍ॅगॅट्स्टन’ गुण काढतात. हृदयाचा जोर कमी असो वा जास्त, या गुणांत त्याने फरक पडत नाही.

युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरुषांत २,००० आणि स्त्रियांत १,२०० किंवा त्याहून अधिक गुण आले, तर आजार तीव्र असण्याची शक्यता मोठी असते. पुरुषांत ३,००० आणि स्त्रियांत १,६०० च्या पुढे तर फारशी शंका उरत नाही. स्त्रियांची मर्यादा कमी आहे, कारण त्यांच्या झडपेत कॅल्शियमपेक्षा तंतुमय ऊती जास्त वाढतात. थोड्या कॅल्शियमवरही झडप तितकीच अडते. पुरुषांचा आकडा लावला, तर कित्येक आजींचा आजार ‘मध्यम’ ठरून मागे पडेल.

आपल्याकडे एक सावधगिरी हवी. लहानपणी संधिवाती ताप येऊन गेल्याने झडप खराब झाली असेल, तर पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि कॅल्शियम कमी असूनही वाट अडते. जन्मतः दोनच पाकळ्यांची झडप असलेल्या तरुण रुग्णांतही असे होऊ शकते. तिथे कमी गुण आले म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

झडप कोणत्या मापाची?

आजार तीव्र ठरला की प्रश्न उरतो तो झडप कशी बदलायची हा. छाती उघडून शस्त्रक्रिया हा जुना, भरवशाचा मार्ग आहे. दुसरा ‘टावी’चा. त्यात मांडीतल्या धमनीतून नळीवाटे नवी झडप आत नेऊन बसवतात. फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. अलेन क्रिबिए यांनी २००२ मध्ये नळीवाटे अशी झडप प्रथम बसवली.

शस्त्रक्रियेत सर्जन झडपेचे माप प्रत्यक्ष घेतो. टावीत ते आधीच, बाहेरून घ्यावे लागते. त्यासाठी कॉन्ट्रास्ट देऊन, ईसीजीशी जुळवून सीटी करतात. झडप ज्या कड्यात बसते ते गोल नसून लंबगोल असते. साध्या इकोत एकाच दिशेने माप घेतले तर ते चुकू शकते. सीटीत पूर्ण घेर आणि क्षेत्रफळ मिळते. झडप लहान पडली तर कडेने रक्त गळते किंवा ती सरकते. मोठी झाली तर कडे फाटू शकते. गुजरातमधील वापीच्या मेरिल कंपनीची ‘मायव्हाल’ झडप दीड-दीड मिलिमीटरच्या फरकाने मिळते, यावरूनच या मापाचे महत्त्व कळावे.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडे झडपेपासून किती उंचीवर आहेत, मांडीतली धमनी नळी जाण्याइतकी रुंद आहे का, हेही त्याच तपासणीत दिसते.

काळजी कुठे घ्यायची?

हृदयाच्या इतर सीटी तपासण्यांत ठोके मंद करणारी गोळी आणि जिभेखाली नायट्रोग्लिसरीन सर्रास देतात. तीव्र अरुंद झडपेच्या रुग्णात त्यामुळे रक्तदाब धोकादायक रीतीने घसरू शकतो. म्हणून झडपेच्या आजाराची माहिती स्कॅन करणाऱ्यांना आधी द्यावी. कॉन्ट्रास्टपूर्वी रक्तातील क्रिएटिनीन तपासावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ते सांगावे. दमामुळे सपाट झोपता येत नसेल तर तेही सांगावे.

छातीचा साधा सीटी या कामी पुरत नाही. ज्या केंद्रात झडप बदलायची आहे तिथे स्कॅन कसा हवा हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर तेच कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडांना दुसऱ्यांदा सोसावे लागते.

थांबणे महागात पडते

साचलेले कॅल्शियम विरघळवणारे औषध नाही. दम, छातीत दुखणे किंवा भोवळ सुरू झाल्यावर झडप बदलली नाही, तर सुमारे निम्मे रुग्ण दोन वर्षांत दगावतात. टावीतल्या झडपेचीच किंमत काही लाखांत असते. शस्त्रक्रियेसाठी मात्र महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. साधारणपणे पासष्टीच्या आतल्यांना शस्त्रक्रिया, ऐंशीच्या पुढे टावी आणि मधल्या वयात दोन्हींचा विचार केला जातो.

जिल्ह्यात नगरचे आनंदऋषीजी रुग्णालय आणि शिर्डीचे साईबाबा रुग्णालय येथे हृदयशस्त्रक्रिया होतात. तिथवर जाण्याआधी मात्र स्टेथोस्कोप आणि इको हव्यात, आणि त्या जवळपास होऊ शकतात. आजींचे गुण १,७५० आले, तर ‘मध्यम’ हा शब्द बाजूला पडतो आणि नव्या झडपेची तयारी सुरू होते. त्यांचा दम वयाचा नव्हता. घरातल्या कोणाला चालताना पूर्वीपेक्षा लवकर बसावे लागत असेल, तर वयाला दोष देण्याआधी एकदा छाती तपासून घ्यावी.