परदेशी भन्तेंना बोलावताय? पत्रिका छापण्याआधी व्हिसा पाहा

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. म्हणून ऑक्टोबर आला की चंद्रपूरबरोबरच ब्रह्मपुरीच्या विहारांतही एखादे श्रीलंकेचे किंवा थायलंडचे भन्ते यावेत, असे आपल्याला वाटते. इच्छा चांगलीच आहे. पण व्हिशाचे नियम माहीत नसले तर त्रास पाहुण्यांना होतो.

नेपाळ व भूतानचे नागरिक आपल्या देशातून थेट आले तर त्यांना व्हिसा लागत नाही. श्रीलंका, थायलंड, म्यानमार, जपान येथील पाहुण्यांना ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो. अर्ज येण्याच्या किमान चार दिवस आधी हवा, पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरही ई-व्हिसा चालतो. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरच भरावा. तशाच नावाची, जादा पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत.

आता मुख्य मुद्दा. पर्यटक व्हिशावर दीक्षाभूमी पाहता येते, वंदना करता येते, धम्मदेसना ऐकताही येते. पण स्वतः धर्मप्रचाराची भाषणे देणे, पत्रके वाटणे याला परवानगी नाही. आपण मात्र पत्रिकेवर ‘प्रमुख धम्मदेसना’ म्हणून त्यांचेच नाव छापतो! नियमभंग झाल्यास पाहुण्यांना देश सोडावा लागू शकतो, पुढचा प्रवेशही बंद होऊ शकतो. भाषण ठेवायचेच असेल तर कोणता व्हिसा लागेल, हे त्यांनी तेथील भारतीय दूतावासाला आधी विचारावे. परिषद व्हिशासाठी आयोजकांचे निमंत्रणपत्र लागते.

दुसरी जबाबदारी यजमानांची. परदेशी पाहुणे विहारात किंवा घरी मुक्कामाला आले की २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते. ‘सी फॉर्म’ म्हणतात तो हाच. हा नियम फक्त हॉटेलांसाठी नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू आहे. त्यातही ही जबाबदारी कायम आहे. अडचण आल्यास जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारावे.

जपानहून आलेले भदंत सुरेई ससाई पुढे भारताचे नागरिक झाले. त्यांना व्हिशाची गरज उरली नाही. बाकीच्या पाहुण्यांना आहे. म्हणून प्रत्येक विहार समितीने हे काम एका तरुणावर सोपवावे आणि तारीख ठरताच पाहुण्यांच्या व्हिशाचा प्रकार लेखी विचारून घ्यावा.

नमो बुद्धाय, जयभीम!