सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

जगातील सर्वांत लांब विनाथांबा प्रवासी विमानसेवांमध्ये सिंगापूर-न्यूयॉर्क सेवेची गणना होते. या दोन शहरांच्या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 15,349 किलोमीटर आहे आणि प्रवासाला पावणेएकोणीस तासांच्या आसपास लागतात.

हे अंतर मोजतात कसे? सपाट नकाशावर रेघ ओढून ते सापडत नाही. त्यासाठी पृथ्वीचा गोलच हाती घ्यावा लागतो. सिंगापूर 104 अंश पूर्व रेखांशावर, तर न्यूयॉर्क 74 अंश पश्चिम रेखांशावर आहे. म्हणजे ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना असून त्यांच्यातील सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवालगत जातो. सिंगापूरपासून ध्रुवापर्यंत सुमारे 89 अंश आणि तेथून न्यूयॉर्कपर्यंत 49 अंश, असे एकूण 138 अंश होतात. एका अंशाचे 111 किलोमीटर धरल्यास उत्तर 15,300 च्या घरात येते.

प्रत्यक्षात मात्र विमान या मार्गाने क्वचितच जाते. अतिउंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे 'जेट स्ट्रीम' नावाचे वेगवान वारे वाहतात. ताशी 900 किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी 100 किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग 1,000 होतो. तोच समोरून आला तर 800. म्हणूनच न्यूयॉर्ककडे जाताना विमान बहुधा उत्तर प्रशांत महासागरावरून जाते. मार्ग लांबतो, पण वेळ आणि इंधन वाचते.

इंधनाचा प्रश्न येथे कळीचा आहे. सिंगापूर एअरलाइन्सने 2004 मध्ये चार इंजिनांच्या एअरबस ए-340-500 विमानाने नजीकच्या न्यूअर्कपर्यंत ही सेवा सुरू केली होती. इंधनखर्च न परवडल्याने 2013 मध्ये ती थांबवावी लागली. 2018 मध्ये दोन इंजिनांच्या ए-350-900 यूएलआर विमानाने ती पुन्हा सुरू झाली. या विमानात 1 लाख 65 हजार लिटर इंधन मावते. टाक्या पूर्ण भरल्या तर उड्डाणाच्या कमाल वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन इंधनाचेच! त्यामुळे त्यात आसने केवळ 161.

घड्याळाचा घोळ निराळाच. हिवाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या 13 तास मागे असते. मध्यरात्री निघालेला प्रवासी त्याच दिवशी पहाटे पावणेसहाच्या सुमारास उतरतो. परतताना सोमवारी रात्री साडेदहाला निघाल्यास बुधवारची सकाळ उजाडते.

तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा छापलेल्या असतात. त्यांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचा कालावधी ठरवू नये. ठरावीक अंतराने औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी तर प्रत्यक्ष तास मोजूनच वेळापत्रक डॉक्टरांकडून आखून घ्यावे. घड्याळाचे काटे मागे फिरवता येतात; शरीराचे नाहीत.