तांबेरा उन्हाळ्यात कुठे जातो?

गव्हावर तांबेरा पडला की तो लपून राहत नाही. पानावरून बोट फिरवलं तर बोटाला विटकरी भुकटी लागते, शेतातून चालत गेलं तर कपडे रंगतात. काळा तांबेरा असेल तर खोडाची साल फाटून लांबट पुटकुळ्या वर येतात. एकेका पुटकुळीत बुरशीचे हजारो बीजाणू असतात. वाऱ्याने उडालेला बीजाणू दुसऱ्या ताटावर बसतो, रात्रीच्या दवात रुजतो, रंध्रातून आत शिरतो आणि दहा-पंधरा दिवसांत तिथे नवी पुटकुळी फुटते. ऐन दाणा भरण्याच्या वेळी हे चक्र जोरात चाललं, तर दाण्यात जायचं ते सगळं बुरशी खाते आणि खळ्यावर चिमलेले, सुरकुतलेले दाणे येतात. १९४६-४७ च्या रब्बीत मध्य भारतात काळ्या तांबेऱ्यामुळे सुमारे वीस लाख टन गहू गेला, असा अंदाज आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये गहू कापून झाला की या बुरशीचं काय होतं? ती जिवंत ताटावरच जगते. मे महिन्यात मैदानात गव्हाचं हिरवं पान नसतं, आणि चाळिशीपार गेलेल्या उन्हात तिचे विटकरी बीजाणू टिकत नाहीत. तरीही पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत तांबेरा हजर होतो. आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या करमचंद मेहता (१८९२-१९५०) यांनी आपली बहुतेक कारकीर्द या एका प्रश्नाला दिली. माझं म्हणणं असं, की पिकांवरच्या बुरशीचे असे प्रश्न याच मार्गाने सुटतात. एक माणूस एकाच बुरशीच्या मागे वर्षानुवर्षं राहावा लागतो, आणि त्याला मिळालेलं उत्तर पुढच्या पिढीला शिकवलं जावं लागतं.

मेहतांसमोर तयार उत्तर होतं, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन दे बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केलं होतं, की काळ्या तांबेऱ्याचा अर्धा संसार गव्हावर आणि अर्धा बारबेरीच्या झुडपावर चालतो. हंगामाच्या शेवटी गव्हावर जाड कवचाचे काळे बीजाणू तयार होतात, ते हिवाळा काढतात, वसंतात बारबेरीची कोवळी पानं गाठतात आणि तिथून पुन्हा गव्हावर येतात. युरोपात हे खरं होतं, अमेरिकेतही. १९१६ च्या मोठ्या साथीनंतर अमेरिकेने १९१८ पासून बारबेरी उपटण्याची मोहीम काढली आणि कोट्यवधी झुडपं नष्ट केली. आपल्याकडे बारबेरीच्या जातीला आपण दारूहळद म्हणतो. हिमालयात ती मुबलक आहे, निलगिरीतही तिची एक जात आहे. म्हणजे पुस्तकातलं चक्र भारताच्या नकाशावर उचलून ठेवलं असतं, तर वर्गात कुणाची हरकत आली नसती. एडविन बटलर आणि हेमन यांनी १९०६ मध्येच भारतातल्या गव्हाच्या तांबेऱ्यांवर लिहिलं होतं आणि गव्हाच्या मैदानांत बारबेरी नाही, ही अडचणही माहीत होती. तरी नेमकं काय घडतं, ते कुणी शोधलेलं नव्हतं.

मेहतांनी दारूहळदीची बाजू तपासून पाहिली. मैदानातल्या काळ्या बीजाणूंची रुजण्याची ताकद उन्हाळ्यात जाते. डोंगरात दारूहळदीला कोवळी पालवी येते, तेव्हा मैदानातला गहू पिवळा पडून कापणीला आलेला असतो. तिच्या पानांवर तांबेरा दिसतो खरा, पण भारतातल्या गव्हाची साथ तिथून सुरू होते, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मग त्यांनी नजर डोंगरातल्या गव्हाकडेच वळवली. हिमालयाच्या उंच भागात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरात उन्हाळाही थंड असतो. तिथे बिगरहंगामी गहू उभा असतो; शिवाय कापणीत सांडलेल्या दाण्यांतून बांधाकडेला, खळ्याजवळ आपोआप उगवलेली रोपं असतात. तांबेरा उन्हाळा काढतो तो या कुणी न पेरलेल्या रोपांवर. हे कळायला कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणता तांबेरा पहिल्यांदा दिसला याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवाव्या लागल्या, हवेतले बीजाणू काचपट्टीवर पकडून सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागले. १९३० मध्ये सिमल्याच्या फ्लॉवरडेल इथे या कामासाठी प्रयोगशाळा उभी राहिली, आणि १९४० मध्ये मेहतांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. एक-दोन हंगामांच्या नोंदींवर हे लिहिणं शक्यच नव्हतं. एखाद्या वर्षी थंडी लांबते, एखाद्या वर्षी पाऊस चुकतो, आणि अपवाद कोणता नि नियम कोणता हे दहा-पंधरा हंगाम पाहिल्याशिवाय कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की मेहतांचं उत्तर पुढे दुरुस्त करावं लागलं. मग एवढ्या वर्षांच्या खटाटोपाचं मोल काय? दुरुस्ती झाली हे खरं आहे. काळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत हिमालयाला त्यांनी दिलेलं महत्त्व पुढच्या अभ्यासात टिकलं नाही. एस. नागराजन आणि एच. सिंह यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात हा तांबेरा पोचतो तो दक्षिणेच्या डोंगरांतून. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठतं, त्याच्या वाऱ्यांबरोबर निलगिरीकडचे बीजाणू उत्तरेकडे वाहतात आणि मध्य भारतातल्या पावसाबरोबर कोवळ्या गव्हावर उतरतात. पडलेल्या पावसाच्या पाण्यात बीजाणू शोधून आणि हवामानाचे नकाशे ताडून हे पक्कं केलं गेलं. पण इथे नीट पाहिलं पाहिजे. निलगिरीचं नाव नकाशावर मेहतांनीच आणलं होतं. बीजाणू डोंगरातून मैदानात येतात हा सांगाडा त्यांचा होता. पुढच्यांनी त्यातली एक वाट खोडली आणि दुसरी ठळक केली. दारूहळदीत अडकून पडलेल्या विद्येला चक्रीवादळाचा प्रश्न सुचलाच नसता. आणि ही वाट कळल्याचा फायदा शेतापर्यंत जातो. फवारणी वेळेवर झाली तरच उपयोगाची असते, आणि साथ कोणत्या बाजूने, किती आधी येणार हे ठाऊक असेल तर ती वेळ पकडता येते.

दुसरा आक्षेप आजचा आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. आता डीएनए वाचून बुरशी ओळखता येते. मग डोंगर तुडवत पुटकुळ्या मोजणारे अभ्यासक कशाला हवेत? २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर करपा पहिल्यांदा आला, तेव्हा जनुकीय विश्लेषणाने थोड्याच आठवड्यांत सांगितलं, की ही बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या करप्याच्या बुरशीची नातलग आहे. १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये दिसलेला रोग खंड ओलांडून आला, हे एवढ्या झटपट कळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती मी मुळीच कमी लेखत नाही. पण डीएनएने ‘कोण’ आणि ‘कुठून’ यांचं उत्तर दिलं. गहू नसलेल्या महिन्यांत ती बुरशी तिथल्या कोणत्या गवतावर राहते, हे बांधाबांधावरून हिंडूनच पाहावं लागतं. शिवाय तपासायला पान पाठवणारा कुणीतरी लागतो. पांढरं पडलेलं लोंब पाहून ‘हे नेहमीचं सुकणं नाही’ असं म्हणणारा डोळा आधी तयार व्हावा लागतो, आणि तो यंत्राबरोबर विकत मिळत नाही. मळलेल्या वाटेवरही नवं सापडतं. पिवळ्या तांबेऱ्याचा दुसरा आश्रयदाता शंभर वर्षांहून अधिक काळ कुणाला गवसला नव्हता. तो बारबेरीच आहे, हे अमेरिकेत यू जिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं. म्हणजे बारबेरीचा खटला एका देशात, एका तांबेऱ्यापुरता निकाली निघाला, तरी दुसऱ्यासाठी तो पुन्हा उघडावा लागतो.

राहिला शिकवण्याचा मुद्दा. वर्गात जाणारा वेळ संशोधनातून वजा होतो, असा हिशेब हल्ली मांडला जातो. बुरशीच्या विद्येत तो चुकतो असं मला वाटतं, कारण इथे शत्रू माणसाच्या आयुष्यापेक्षा चिवट आहे. मिनेसोटा विद्यापीठात एल्व्हिन स्टॅकमन यांनी दाखवलं, की काळा तांबेरा दिसायला एक असला तरी त्याचे अनेक वंश आहेत, आणि एका वंशाला दाद न देणारा गहू दुसऱ्याला बळी पडतो. त्यांचं तांबेऱ्यावरचं व्याख्यान ऐकून वनशास्त्राचा एक विद्यार्थी वनस्पतिरोगशास्त्राकडे वळला. तो नॉर्मन बोरलॉग. १९४४ मध्ये मेक्सिकोत गेल्यावर त्यांनी हाती घेतलेलं पहिलं मोठं काम तांबेऱ्याला तोंड देणारा गहू घडवण्याचं होतं. ते कामही कायमचं संपत नाही. १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या ‘यूजी ९९’ या वंशाने जगभरच्या वाणांत भरवशाने वापरलेला प्रतिकाराचा एक जनुक निकामी केला. पुढे तो येमेनमध्ये आणि इराणमध्येही आढळला.

म्हणून फ्लॉवरडेलचं काम आजही चालू आहे, निलगिरीत वेलिंग्टनला चालू आहे, आणि आपल्याकडे महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रातही तांबेऱ्यासमोर गव्हाचे वाण उभे करून पाहिले जातात. पद्धत अजून जुनीच आहे. शेतातून आलेल्या रोगट पानावरची भुकटी ठरावीक वाणांच्या कोवळ्या रोपांवर लावायची, रोपं रात्रभर ओलाव्यात ठेवायची आणि साधारण दोन आठवड्यांनी एकेक पान बोटांत धरून पाहायचं. काहीच उठलं नाही तर शून्य. बारीक पुटकुळी आणि भोवती मेलेल्या पेशींचं कडं असेल तर एक. मोठी, मोकळी फुटलेली पुटकुळी असेल तर चार. कोणत्या वाणावर कोणता आकडा आला, यावरून वंश ठरतो. दोन आणि तीन यांतला फरक मात्र पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. तो शिकवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून, तेच पान उजेडाकडे तिरपं धरून पाहावा लागतो.