आईचे रक्त आणि दुसरे मूल

शरीराची संरक्षणव्यवस्था परकी पेशी ओळखून तिचा नाश करते. हाच गुण क्वचित घातक ठरतो. बहुतेक माणसांच्या तांबड्या रक्तपेशींवर 'आर्‌एच् डी' हे प्रथिन असते. काहींच्या पेशींवर ते नसते. ते नसलेल्या मातेच्या उदरी ते असलेले मूल वाढल्यास, प्रसूतीच्या वेळी मुलाचे थोडे रक्त तिच्या रक्तात मिसळू शकते. तिचे शरीर त्या पेशींना परक्या समजून प्रतिपिंडे तयार करते. तोवर जन्मलेले पहिले मूल बहुधा सुखरूप राहते. परंतु शरीर ही ओळख विसरत नाही. पुढचे मूलही तशाच रक्ताचे असल्यास प्रतिपिंडे वारेतून गर्भात शिरतात व त्याच्या रक्तपेशींचा नाश घडवितात. परिणामी रक्तक्षय व तीव्र कावीळ होऊन मूल दगावण्याचा संभव असतो.

लँडस्टायनर व वीनर यांनी १९४० साली हा रक्तघटक उजेडात आणला. १९६८ साली त्यावरील प्रतिबंधक उपाय वापरात आला. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत मातेस तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले, की तिचे शरीर सहसा स्वतःची प्रतिपिंडे बनवीत नाही. म्हणून गरोदरपणाच्या आरंभीच रक्तगट तपासणे हे पुढील अपत्याचेही रक्षण होय.